दाखला दिलात, आता आम्हाला शिकवा : ऑटिझम असलेल्या मुलाच्या आईचं मुख्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांच्या पालकांना तालुका पातळीवर मार्गदर्शन व प्रशिक्षण मिळण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

हे पत्र खरं तर एखाद्या विभागाला लिहायचं होतं. पण कुठल्या, तेच ठरेना. सगळे विभाग शेवटी तुमच्याकडे येतात, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. आणि खुलं लिहिते आहे, कारण बंद पाकिटातून पाठवलेल्या पत्रांचं काय होतं ते आम्ही पाहून बसलोय.

गेल्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या काही पालकांनी मिळून एक अर्ज केला. मागणी एवढीच होती, की महिन्यातून एक दिवस तालुक्याच्या गावी कुणी जाणकार माणूस यावा आणि ऑटिझम असलेल्या मुलांना घरी कसं शिकवायचं, कसं सांभाळायचं, ते त्याने आम्हा पालकांना दाखवावं. खोली आम्ही देणार होतो, सतरंज्या आमच्या, चहाही आमचा. एका कार्यालयाने कळवलं की विषय वैद्यकीय आहे. दुसऱ्याने कळवलं की शैक्षणिक आहे. तिसऱ्याने आमचा अर्ज ‘उचित कार्यवाहीसाठी’ पहिल्याकडे पाठवला आणि तशी प्रत आम्हाला दिली. सरतेशेवटी उत्तर आलं ते असं : पालकांच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उपलब्ध नसल्याने आपली विनंती मान्य करता येत नाही. लेखाशीर्ष म्हणजे सरकारी अंदाजपत्रकातलं त्या खर्चाचं खातं.

कार्यालयांची आणि गावाची नावं मुद्दामच लिहीत नाही. शेजारच्या जिल्ह्यातली नावं घातली तरी पत्रात फारसं काही बदलणार नाही. शिवाय ज्या बाबूंनी ते उत्तर लिहिलं, त्यांनी नियमाबाहेर काही केलेलं नाही. लेखाशीर्ष खरंच नाही. माझी तक्रार तीच आहे.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याचं नाव इथे देत नाही. स्वतःबद्दल लोकांना काय सांगायचं ते पुढे त्याचं त्याने ठरवावं. मी एका पतसंस्थेत कामाला होते, ते सोडलं. त्याचे बाबा खता-बियाण्यांच्या दुकानात हिशेब बघतात. घरी सासूबाई आहेत, धाकटी मुलगी आहे. म्हणजे तुमच्या राज्यातलं अगदी चारचौघांसारखं घर.

मुलगा दोन-अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा सल्ल्यांना तोटा नव्हता. मुलगे उशिराच बोलतात. याचे काका पण शाळेत जाईपर्यंत मुके होते. जिभेखालचा पडदा कापून घ्या. कुलदैवताला जाऊन या. मोबाईल दाखवता ना, मग कसा बोलेल. या सगळ्या गर्दीत एकच बाई बरोबर बोलली, ती आमची अंगणवाडी सेविका. ती म्हणाली, “ताई, याला मागून हाक मारली तर वळत नाही, पण लांब कुणी बिस्किटाचा पुडा फोडला तरी धावत येतो. कान ठणठणीत आहेत याचे. दुसरंच काहीतरी आहे.” कुठल्याही कोर्सशिवाय, वीस-पंचवीस पोरांचा पसारा सांभाळताना तिला हे दिसलं. पण दिसलं ते सांगायचं कुणाला, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिच्या रजिस्टरमध्ये वजन आणि उंचीचे रकाने होते, यासाठी नव्हता.

निदान पुण्याला झालं. डॉक्टर चांगले होते, पण बाहेर रांग होती. “ऑटिझम आहे. औषधाने जाणारा आजार नाही हा, मेंदूची घडणच वेगळी असते. लवकर सुरू करा : ओटी, स्पीच, स्पेशल एज्युकेशन, आठवड्यातून निदान तीन दिवस.” त्यांनी चिठ्ठीवर तेच लिहून दिलं आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं. आठवड्यातून तीन दिवस! आमच्या गावापासून ओटीचं, म्हणजे रोजची कामं आणि हालचाली शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीचं, सगळ्यात जवळचं सेंटर एसटीने पावणेदोन तासांवर, एका सत्राचे पाचशे रुपये, सत्र पाऊण तासाचं. एरवीचा सगळा वेळ मूल आमच्याजवळ असतं. त्या वेळात काय करायचं, हे चिठ्ठीवर नव्हतं.

महोदय, माझं सगळं म्हणणं या चिठ्ठीत न लिहिलेल्या भागाबद्दल आहे.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याचा दिवस सांगते, म्हणजे मुद्दा लक्षात येईल. सरकारी रुग्णालयातला, तपासणी करणाऱ्या वैद्यकीय बोर्डाचा दिवस होता. एका दालनात काठ्या, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, कानाची तपासणी, सगळं एकत्र. वर पंखा खडखडत होता. माझ्या मुलाला त्या आवाजाचा त्रास होतो. तो दोन्ही कानांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा होता. नंबर आला. साहेबांनी मायेनेच विचारलं, “नाव काय तुझं?” माझा मुलगा म्हणाला, “नाव काय तुझं?” साहेब माझ्याकडे बघून हसले, “बोलतो की हो चांगला!”

ऑटिझमचं मोजमाप करायला आपल्या देशात ‘इसा’ नावाची मोजपट्टी वापरतात. ती सिकंदराबादच्या, बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली आहे. तिच्यात ४० बाबी आहेत, आणि समोरच्याचे शब्द जसेच्या तसे परत म्हणणं ही त्यातलीच एक. म्हणजे ज्या बोलण्यावरून तो ‘बरा’ ठरत होता, ते बोलणंच तपासणीच्या कागदावर लक्षण म्हणून छापलेलं होतं. पुढे दाखला मिळाला, कार्डही आलं. त्यासाठी मी आभारी आहे. पण कार्ड हातात देताना त्या दालनात कुणी असं म्हणालं नाही, की बाई, इथे बसा, आता या मुलाचं काय करायचं ते पाच मिनिटं बोलू.

ते पाच मिनिटांचं बोलणं किती मोलाचं असतं, तेही मला ठाऊक आहे. मुलाला एसटी स्टँड भारी आवडतं. घरात अधूनमधून तो एकदम खड्या आवाजात म्हणायचा, “लातूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे.” पाहुण्यांसमोर, देवपूजेत, रात्री दोन वाजता. आम्ही कधी हसायचो, कधी दटावायचो. एकदा एका शिबिरात एक स्पीच थेरपिस्ट भेटल्या. त्यांनी विचारलं, “हे वाक्य म्हणतो तेव्हा तो कुठे बघत असतो?” मी आठवून सांगितलं, दाराकडे, चपलांकडे. त्या म्हणाल्या, “मग तो तुम्हाला ‘बाहेर जायचंय’ असं सांगतोय. त्याच्याजवळ त्या अर्थाचं हेच वाक्य आहे. तुम्ही लगेच म्हणा, ‘बाहेर जायचंय’, आणि खरंच दोन मिनिटं बाहेर न्या.” आम्ही तसं करत गेलो. काही महिन्यांनी तो चपला हातात घेऊन “बाहेर जायचं” म्हणाला. सासूबाईंनी त्या दिवशी शिरा केला होता.

त्या बाईंनी माझ्या मुलावर उपचार केला नाही. मला शिकवलं. महाराष्ट्रातल्या किती घरांत आज असं एखादं वाक्य वेड्यासारखी बडबड म्हणून दटावलं जात असेल, याचा विचार करून बघा. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालचा अंदाज जगात दर १२७ माणसांमागे एक ऑटिझम असलेली व्यक्ती असा आहे. आमच्या तालुक्याचीच लोकसंख्या लाखांत आहे. हिशेब तुमचे अधिकारी करतील.

आता तक्रारी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाऊन प्रत्येक मूल तपासायचं, आणि तपासायच्या यादीत वाढीतल्या अडचणींबरोबर ऑटिझमही आहे. प्रत्यक्षात काय होतं? पथक येतं, वजन घेतं, डोळे-दात बघतं, हृदयाचे ठोके ऐकतं. या तपासण्यांनी कितीतरी मुलांचे जीव वाचले आहेत, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण कोपऱ्यात बसून गाडीचं एकच चाक फिरवत राहणारं मूल त्या धावपळीत ‘शांत आहे’ म्हणून सुटतं. केंद्राने २८ नोव्हेंबर २०२३ रोजी अंगणवाड्यांसाठी दिव्यांग मुलांबाबतची कार्यपद्धती जाहीर केली. ती आमच्या सेविकेच्या हाती नीट शिकवून पोहोचली असती, तर तिला जे दिसलं ते पुढे गेलं असतं. अंगणवाडी सेविकांवर कामं किती लादायची यालाही मर्यादा आहे, हे मला कळतं. मी नवीन काम मागत नाही. जे तिला दिसतंच, ते कुणाला कळवायचं एवढं ठरवून द्या.

दुसरं, जिल्ह्याच्या ठिकाणचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात. कल्पना उत्तम आहे. एका छताखाली बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, स्पीच, मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक. पण आम्ही ज्या केंद्रात जातो तिथली स्पीच थेरपिस्टची खुर्ची रिकामी आहे. आधीच्या बाई कंत्राटी होत्या, त्यांना शहरात याच्या दुप्पट पगार मिळाला आणि त्या गेल्या. त्यांना दोष कसा देऊ? अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर कुणी तालुक्या-जिल्ह्यात संसार मांडत नाही. मूल तेवढं दर वेळी नव्या माणसाशी पहिल्यापासून ओळख करून घेत राहतं, आणि ओळख करून घेणं हीच तर त्याची अडचण आहे.

तिसरं, शाळा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. या नव्या कायद्याच्या २१ प्रकारांत ते आलं. भेदभाव न करता प्रवेश, गरजेप्रमाणे सोय, सगळं त्यात लिहिलेलं आहे. आमच्या शाळेने प्रवेश नाकारला नाही. फक्त एवढंच सांगितलं, की आई रोज सोबत बसणार असेल तर चालेल. मी बसले. वर्गाबाहेर व्हरांड्यात, चपलांच्या रांगेशेजारी. मुलगा उठून पळाला की मी पकडायचं, ओरडला की बाहेर न्यायचं, मधल्या सुट्टीत खिचडी भरवायची. माझी नोकरी याच व्हरांड्यात गेली. गटसाधन केंद्राचे विशेष शिक्षक अधूनमधून येतात. फार भला माणूस आहे, पण त्यांच्याकडे इतक्या शाळा आहेत की आमच्या वाट्याला कधी तास येतो, कधी नुसती सही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगून ठेवलंय, की प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. मार्च २०२५ मध्ये पदं जाहीर करा म्हणून राज्यांना पुन्हा बजावलं. आपल्या राज्यात तालुकानिहाय किती पदं मंजूर, किती भरली आणि किती कायम, एवढा एक तक्ता शासनाने संकेतस्थळावर टाकावा. आम्ही तो वाचू.

योजनांबद्दल थोडक्यात. ऑटिझमसारख्या दिव्यांगत्वासाठीचा राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा. त्याखाली ‘निरामय’ आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचाही काही खर्च मिळतो. मला हे कुणी सांगितलं? मुंबईतल्या एका पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपने. आयकरात दिव्यांग मुलाच्या पालकांना सूट मिळू शकते, हे दुकानाच्या सीएने सांगितलं. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला पन्नास हजार रुपयांची आहे. महिन्याला सव्वाचार हजार कमाई झाली की घर त्या योजनेपुरतं सधन! आणि २०१६ च्या कायद्याच्या २४ व्या कलमात, जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असे शब्दही त्याच कलमात आहेत. राज्याची मर्यादा समजू शकते. व्हरांड्यात बसणाऱ्या बाईची मर्यादा कुठल्या कलमात मोजायची?

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते तिच्याकडे येते. सरकार जिथे गप्प बसतं, तिथे दुसरं कुणीतरी बोलायला लागतं. आमच्याकडे ते कोण आहेत माहीत आहे? ‘ऑटिझम मुळापासून बरा’ असं फ्लेक्सवर छापणारे. स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशींचं, इंजेक्शन घ्या, खर्च लाखांत, हप्त्याची सोय. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने त्यासाठी एक एकर विकलं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नैतिकता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच सांगितलंय, की ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही आणि तो करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. तो कागद त्या शेतकऱ्यापर्यंत कोण पोहोचवणार होतं? फ्लेक्स मात्र त्याच्या फाट्यावरच होता.

लसीचंही तेच. ‘गोवरची लस दिली आणि पोरगं बोलायचं थांबलं’ हे वाक्य मी आमच्या गल्लीत ऐकलंय, शिकलेल्या बाईच्या तोंडून. ज्या १९९८ च्या लेखातून ही भीती जगभर पसरली, तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. लिहिणाऱ्या डॉक्टरची वैद्यकीय नोंदणीही ब्रिटनमध्ये रद्द झाली. पण गल्लीत लेख मागे घेतला जात नाही. एखाद्या घरी ऑटिझम असलेलं मूल असेल तर धाकट्याची लस चुकवली जाते. हा मुद्दा निव्वळ माझ्या मुलाचा नाही, तुमच्या लसीकरणाच्या टक्केवारीचाही आहे.

आणि आईला बोल लावणं. १९४३ मध्ये लिओ कॅनर या अमेरिकेतल्या बालमनोविकारतज्ज्ञांनी अशा ११ मुलांची वर्णनं लिहिली. त्यानंतर काही दशकं अमेरिकेत मोठमोठे तज्ज्ञ म्हणत होते, की आई मायेने कमी पडते म्हणून मूल असं होतं. विज्ञानाने ते केव्हाच फेकून दिलं. आमच्या नातेवाइकांनी अजून जपून ठेवलंय. लग्नकार्यात मुलगा ढोल-ताशाने घाबरून जमिनीवर लोळला, की बघणारे त्याच्याकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात. ‘वळण नाही लावलं.’ मेल्टडाउन, म्हणजे आवाज-गर्दी सहन न होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटणं, आणि हट्ट यात फरक असतो; मेल्टडाउनच्या वेळी ओरडायचं नसतं, गर्दी हटवायची, आवाज कमी करायचा, वाट बघायची. हे वाहकाला, पोलिसाला, शाळेतल्या शिपायालाही सांगता येण्याजोगं आहे, आणि अर्ध्या तासात सांगून होतं. आयांना झोप मिळते का, त्या कुणाशी बोलतात का, हे विचारणारं एकही कार्यालय मला माहीत नाही. बाप तर बोलतच नाहीत. ते दुकानात उशिरापर्यंत थांबतात.

पैसे नाहीत, तज्ज्ञ नाहीत, हे उत्तर येईल हे मला माहीत आहे. तज्ज्ञ नाहीत हे खरंच आहे, म्हणूनच तर पालकांना शिकवा म्हणतेय. आणि हे माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. शेजारच्या गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या गटाने मिळून यावर रीतसर चाचणी केली. तज्ज्ञ नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना घरी शिकवलं : मुलासोबत खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, तो दोघांनी मिळून बघायचा, मूल कुठे काय सांगायचा प्रयत्न करतंय ते शोधायचं आणि पुढच्या वेळी तिथे थांबून उत्तर द्यायचं. पालक-मुलांच्या संवादात फरक पडला. २०१६ साली ते लॅन्सेट सायकियाट्रीत छापून आलं. एसटी स्टँडच्या वाक्याबद्दल मला त्या बाईंनी सांगितलं ते याहून वेगळं काय होतं?

जागतिक आरोग्य संघटनेनेही पालकांसाठी एक प्रशिक्षण तयार केलंय : नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटी, तेही तज्ज्ञ नसलेल्यांनी घेण्याजोगं. दिल्लीत ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही पालकांनीच १९९१ साली सुरू केलेली संस्था आई-मुलाला एकत्र बसवून शिकवत आली आहे. मुंबई-पुण्यातही चांगलं काम करणाऱ्या संस्था आहेत. पण त्यांच्या दारापर्यंत जायला आधी माणसाला आपल्या मुलाला काय झालंय ते कळावं लागतं, आणि मग राहायला कुणी नातेवाईक लागतो.

पैशाचं म्हणाल, तर प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकेने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, हा राज्याचाच आदेश आहे. आमच्याकडे तो निधी मार्चअखेर घाईघाईने वाटला जातो. कुणाला थोडी रोख, कुणाला साहित्य. ज्यांना मिळतं त्यांना गरज असतेच, ते बंद करा असं मी म्हणणार नाही. माझ्या मुलालाही एकदा साहित्य देऊ केलं होतं : काठी. नको म्हटलं तर ‘नाकारले’ असं लिहून सही घेतली.

२ एप्रिलला, जागतिक ऑटिझम जागरूकता दिनाला, मोठमोठ्या इमारतींवर निळे दिवे लागतात. लावा. फोटो छान येतात. ३ एप्रिलला सकाळी शाळेच्या व्हरांड्यात कोण बसणार, एवढं सांगा.

आमच्या मागण्या अशा :

पालक प्रशिक्षणासाठी या वर्षीच्या पुरवणी मागण्यांत स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावं. ही पहिली मागणी, कारण नकार याच एका ओळीवर आला आहे.

आरोग्य, शालेय शिक्षण, महिला व बालविकास आणि दिव्यांग कल्याण या चारही विभागांतला एक जबाबदार विभाग लेखी ठरवावा. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला, देशात असा पहिलाच, असं सांगितलं गेलं. मग जबाबदारी त्याच्याकडे द्या आणि बाकीच्या तिघांना त्याचं ऐकायला लावा. अर्ज कुठे द्यायचा हा प्रश्न कुठल्याही पालकाला पडू नये.

प्रत्येक तालुक्यात महिन्यातून दोन दिवस पालक वर्ग व्हावा, सरकारी जागेत, मराठीत, आणि जिथे गरज असेल तिथे गोंडी, कोरकू, भिली, उर्दू, हिंदी बोलणाऱ्यांसाठी त्यांच्या भाषेत. वर्गाच्या वेळी मुलांना सांभाळायला एक खोली आणि एक माणूस हवा. नाहीतर एकही आई येऊ शकणार नाही. बापांनाही बोलवा, वर्ग रविवारी ठेवा.

दाखला देण्याच्या दिवशीच, त्याच इमारतीत, प्रत्येक कुटुंबाला अर्धा तास एका प्रशिक्षित समुपदेशकाने द्यावा. हातात एक पुस्तिका द्यावी : ऑटिझम म्हणजे काय, काय नाही, निरामयसह कुठल्या योजना, अर्ज कुठे, कुठल्या ‘उपचारां’पासून लांब राहायचं. बोर्डाच्या दिवशी ऑटिझम आणि बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी वेगळी शांत खोली व वेगळी वेळ असावी. याला जवळपास काहीच खर्च नाही.

शीघ्र हस्तक्षेप केंद्रांतली रिक्त पदं भरावीत, आणि ती कंत्राटी ठेवायचीच असतील तर करार निदान तीन वर्षांचा करावा.

विशेष शिक्षकांची पदं न्यायालयाने सांगितलेल्या प्रमाणात जाहीर करून कायमस्वरूपी भरावीत. तोवर आईला शाळेत बसवून घेण्याची प्रथा लेखी परिपत्रकाने बंद करावी. शाळेला मदतनीस हवा असेल तर पाच टक्के निधीतून द्यावा. त्या मदतनीसाच्या कामावर आमच्यासारख्याच आयांना घेतलं, पगार देऊन, तर आणखी बरं.

खोट्या उपचारांच्या जाहिरातींवर जिल्हाधिकारी आणि वैद्यक परिषदेने कारवाई करावी आणि तक्रार करायला एक फोन नंबर असावा.

आमच्यानंतर या मुलांचं काय, कायदेशीर पालक कोण, राहायचं कुठे, हा विषय इथे लिहायला घेतला तर पत्र संपणार नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, एवढं तरी पालकांना कळू द्या. तिच्या बैठकीची तारीख दर वर्षी आधी जाहीर व्हावी.

यातल्या कुठल्याही मागणीला नकार द्यायचा असेल तर कारणासह, विभागाच्या नावासह लेखी द्यावा, ही विनंती. ‘पुढील कार्यवाहीसाठी अग्रेषित’ हे उत्तर आम्ही उत्तर म्हणून धरणार नाही. येत्या अधिवेशनाच्या आत काही कळलं नाही, तर तालुक्यातले पालक आपापली मुलं घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात येतील. मोर्चा नसेल, घोषणा नसतील. आमच्या मुलांना घोषणा सहन होत नाहीत. आम्ही आत येऊन बसू आणि पालक वर्ग तिथेच घेऊ. त्या दिवशी पंखा दुरुस्त करून ठेवावा.

कळावे,

आपली,
ऑटिझम असलेल्या मुलाची आई,
आणि तालुक्यातले इतर पालक

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
१. मा. आयुक्त, दिव्यांग कल्याण, पुणे
२. सर्व लोकप्रतिनिधी, आमच्या जिल्ह्यातील
३. अंगणवाडी सेविका ताई, ज्यांना सगळ्यात आधी कळलं होतं